‘इतर कलाकारांनी योग्य साथ दिली’ म्हणजे कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाट्यस्पर्धा सुरू झाली की मराठी दैनिकांतून रोज एका नाटकाचे परीक्षण येते. संहितेला दोन परिच्छेद, दिग्दर्शकाला एक, नायक-नायिकेला एक. नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, रंगभूषा यांची एकेका वाक्यात बोळवण. आणि सगळ्यात शेवटी ते ठरलेले वाक्य: ‘इतर कलाकारांनी योग्य साथ दिली.’

या ‘इतर’मध्ये कधी सहा, कधी बारा माणसे असतात. साथ योग्य होती म्हणजे काय होती, ती कोणी दिली, कोणाची कमी पडली, यातले काहीच वाचकाला कळत नाही. कात्रण कापून ठेवावे तर त्यात नावच नाही. या पत्रातली आमची मागणी या एका वाक्यापुरतीच आहे. मागणी छोटी आहे, पण ती का करतो हे सांगायचे तर आधी न्यूयॉर्कपर्यंत जाऊन यावे लागेल.

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेची म्हणून जी नाटकघरे मोजतात ती सगळी मिळून 41. पाचशे किंवा त्याहून अधिक आसने हवीत, ही त्यांची मोजणीची अट. त्यांपैकी मॅजेस्टिक थिएटरात 26 जानेवारी 1988 रोजी ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे संगीत नाटक लागले ते 16 एप्रिल 2023 रोजी उतरले. प्रयोग झाले 13,981. या नाटकात जॉर्ज ली अँड्र्यूज हे नट पहिल्या प्रयोगापासून होते. त्यांच्या वाट्याला नायक नव्हता, मुखवटा घालून फिरणारा तो ‘फँटम’ही नव्हता. आधी नाटकातल्या नाटकात गाणाऱ्या एका ऑपेरा-गायकाचे काम, पुढे ऑपेरा हाउस चालवणाऱ्या दोन मॅनेजरांची कामे. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, ‘अ लिटल नाइट म्युझिक’च्या मूळ संचात ते होते, तेही एका नोकराच्या भूमिकेत. सप्टेंबर 2011 मध्ये ते ‘फँटम’मधून बाहेर पडले तेव्हा त्यांचे या एका नाटकातले प्रयोग 9,382 झाले होते. एकाच ब्रॉडवे नाटकात सर्वाधिक प्रयोग करणारा नट म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली.

हा आकडा नीट पाहावा. ब्रॉडवेवर आठवड्याला 8 प्रयोग होतात, म्हणजे वर्षाला 416. साडेतेवीस वर्षांचे धरले तर साधारण पावणेदहा हजार. त्यातले 9,382 यांनी केले. सुट्ट्या, आजारपण, संप, बर्फाचे वादळ हे सगळे वजा जाऊन उरलेला हा आकडा आहे. नटाचे कौतुक आहेच, पण आम्हाला त्याहून मोठे कौतुक वाटते ते हा आकडा मोजता आला याचे. ‘नऊ-साडेनऊ हजार’ असे मोघम कोणी म्हटले नाही. शेवटचे दोन प्रयोगसुद्धा मोजले गेले, आणि तेही दुय्यम भूमिका करणाऱ्या माणसाचे.

ते कसे, ते सांगतो. तिथे प्रयोगाच्या अर्धा तास आधी प्रत्येक नटाने रंगमंचामागच्या सूचनाफलकावर लावलेल्या तक्त्यावर सही करायची असते. आठचा प्रयोग असेल तर साडेसातला. एकाने दुसऱ्याची सही ठोकायची नाही. साडेसातला एखादा रकाना रिकामा दिसला की रंगमंच-व्यवस्थापक फोन लावतो आणि लगेच बदली नटाला तयार राहायला सांगतो. प्रयोग संपला की तोच व्यवस्थापक त्या रात्रीचा अहवाल लिहितो: पडदा किती वाजून किती मिनिटांनी गेला, कोणता अंक किती मिनिटे चालला, कोण गैरहजर, त्याच्या जागी कोण, कोणता दिवा उशिरा लागला, कोणाचा पाय मुरगळला. हा कागद निर्मात्याकडे जातो आणि फायलीत राहतो. प्रेक्षकालाही कळवावे लागते. ‘प्लेबिल’ नावाची पुस्तिका 1884 पासून निघते आणि ती प्रेक्षकाच्या हातात फुकट पडते. भूमिका बदललेली असली की त्यात एक चिठ्ठी घालतात, ‘आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक करतील.’ शिवाय बाहेर फलकावर नाव लागते किंवा पडद्याआधी घोषणा होते. एका रात्रीपुरती हवालदाराची भूमिका करणाऱ्याचे नावही असे छापले जाते, आणि ब्रॉडवेच्या निर्मात्यांची संघटना इंटरनेटवर जो कोश चालवते त्यात मूळ संचासोबत पुढे भूमिका घेतलेल्या नटांचीही नावे तारखांसह सापडतात.

हे आपोआप झालेले नाही. तिथल्या नटांची संघटना, अ‍ॅक्टर्स इक्विटी, 1913 मध्ये निघाली. तेव्हा तालमीचे पैसे नटाला मिळत नसत आणि पुष्कळदा पोशाखही स्वतःच्या खर्चाने करावा लागे. ऑगस्ट 1919 मध्ये नटांनी संप केला, महिनाभर नाटकघरे बंद पडली आणि मग करार झाले. (त्याच 1919 साली आपल्याकडे ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले आणि मुंबईत, पुढे नाटकांसाठी नाव झालेली, गोवा हिंदु असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या नाटकांत नट आजही वर्गणी भरून भूमिका करतो, हे जाता जाता.) या संघटनेचा एक नियम आम्हाला फार आवडतो: एका नावाचे दोन सभासद असू शकत नाहीत. त्याच नावाचा माणूस आधी असेल तर नव्याने मधले अक्षर घालावे किंवा दुसरे नाव घ्यावे. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेतला द्वारपाल नेमका कोणता, यावर वाद होत नाही. आपल्याकडे तो कसा होतो ते पुढे येईलच.

मुख्य आणि दुय्यम कोण हेही तिथे कागदावर ठरते. ब्रॉडवेच्या नाटकांना मिळणाऱ्या टोनी पारितोषिकासाठी ज्याचे नाव नाटकाच्या नावाच्या वर छापले तो मुख्य, ज्याचे खाली तो सहायक. समिती अपवाद करू शकते, पण मूळ नियम छपाईचा. भूमिका केवढी आहे हे नंतर. आपल्या जाहिरातींत ‘सोबत’, ‘आणि’, ‘विशेष भूमिकेत’ या शब्दांवरून जे रुसवे-फुगवे होतात, त्यातला हाच प्रकार.

आता बदली नटांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे हे खाते जवळजवळ नाहीच. तिथे त्याचे तीन प्रकार आहेत. अंडरस्टडी हा रोज नाटकात स्वतःची छोटी भूमिका करतो आणि गरज पडली तर मोठी भूमिका घेतो. स्टँडबाय रोजच्या नाटकात नसतो. तो फक्त एक-दोन मोठ्या भूमिकांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि बोलावल्यास पोचता येईल इतक्या अंतरावर राहतो. तिसरा स्विंग. समूहातल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या नटांच्या पाच, सात, कधी दहा जागा तो एकटा जाणतो आणि ज्या रात्री जी जागा रिकामी ती भरतो. तिन्हींत सर्वांत अवघड काम या तिसऱ्याचे.

संवाद पाठ असून स्विंगचे भागत नाही. प्रत्येक जागेची त्याची स्वतंत्र वही असते: कोणत्या विंगेतून आत, कितव्या ओळीला, कोणाच्या मागून, हातात काय, ते कोणाकडे द्यायचे, बाहेर कुठून, पोशाख कुठे टांगलेला, बदलायला किती सेकंद, कोरसमध्ये वरचा सूर की खालचा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. मध्ये शून्य आणि तिथून दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांवर 2, 4, 6 असे. वहीत ‘डावीकडे चारवर’ म्हटले की चारवर. पाचवर उभे राहिले तर मागून धावत येणारा अंगावर आदळतो. चुका बहुधा इथेच होतात. कालच्या रात्रीची जागा डोक्यात राहते आणि पाय डावीऐवजी उजवीकडे वळतो. गैरहजर जास्त आणि स्विंग कमी अशी वेळ आली तर एकच माणूस दोन जागांचे अर्धे-अर्धे काम करतो: पहिल्या नाचात याची जागा, दुसऱ्यात त्याची, आणि दोघांचे जे संवाद कथेला लागतात तेवढे दोन्ही. नवा नट कायमचा भूमिका घेणार असेल तर आधी सगळ्या संचासह त्याची एक तालीम होते. त्यात नव्याने पूर्ण पोशाख घालायचा, बाकीचे घरच्या कपड्यांत.

डिसेंबर 2021 मध्ये कोविडमुळे एकामागून एक नाटकांतले नट आजारी पडू लागले तेव्हा प्रयोग या लोकांनी तारले. ‘द म्युझिक मॅन’मध्ये नायिका सटन फॉस्टर येऊ शकल्या नाहीत. कॅथी व्हॉयटको या स्विंगने ती भूमिका केली आणि नायक ह्यू जॅकमन यांनी शेवटच्या अभिवादनाच्या वेळी प्रेक्षकांसमोर स्विंगचे काम काय असते ते सांगितले. बदली नटाचा किस्सा म्हणून लोक शर्ली मॅक्लेन यांचा सांगतात: 1954 मध्ये ‘द पजामा गेम’मध्ये कॅरल हेनी यांचा घोटा दुखावला, त्यांच्या जागी ही मुलगी उभी राहिली आणि थेट हॉलिवूडला पोचली. किस्सा खरा आहे. पण ज्यांना कोणी सिनेमात नेले नाही, जे दुसऱ्या दिवशी पुन्हा विंगेत वही घेऊन बसले, त्यांच्यावर नाटकघरे चालतात. त्यांच्यासाठीही तिथे एक मान आहे. नवे संगीत नाटक लागते त्या रात्री, समूहातल्या ज्या नटाच्या नावावर ब्रॉडवेच्या समूहातली सर्वांत जास्त नाटके आहेत त्याला एक झगा देतात. तो घालून त्याने रंगमंचावर घड्याळाच्या उलट दिशेने तीन फेऱ्या मारायच्या आणि बाकीच्यांनी झग्याला हात लावायचा. मग त्या नाटकाची खूण म्हणून झग्यावर एक तुकडा शिवतात आणि तो पुढच्या नाटकाकडे जातो. प्रथा 1950 ची. भरलेले झगे संग्रहालयांत ठेवलेले आहेत. जास्त नाटके कोणाची हे दरवेळी ठरवायला हिशेब लागतो, आणि हिशेबाला नोंद.

ब्रॉडवे म्हणजे स्वर्ग आहे असे आमचे म्हणणे नाही. तिथे नाटक आठवड्याभरातही उतरते, आणि दोन नाटकांच्या मधल्या काळात दुय्यम नट हॉटेलात ताटे उचलतो. पैसा, आठवड्याचे आठ प्रयोग, संघटनेचा करार, यांतले काही गावच्या नाटकाला लागू करता येणार नाही. पण सहीचा तक्ता, बदलाची चिठ्ठी आणि वही यांना एकूण शंभर रुपये पुरतात.

आता आपल्याकडे येऊ. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि गोव्यात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, काणकोण इथे देवळापुढच्या मंडपात नाटके होतात. पालखी आत गेल्यावर, रात्री अकराच्या पुढे पडदा. नाटक बसवायला महिना-दीड महिना जातो आणि प्रयोग पुष्कळदा एकच होतो. म्हणून दुय्यम नटाच्या कारकिर्दीत प्रयोग थोडे आणि नाटके पुष्कळ असतात. पंचवीस वर्षे रंगमंचावर असलेल्या माणसाने चाळीस भूमिका केलेल्या असतात, आणि चाळीसही निरनिराळ्या. ‘फँटम’च्या नटापेक्षा हे काम वेगळे आहे, सोपे मुळीच नाही.

संगीत नाटकात या नटावर काय काय अवलंबून असते ते पाहा. जुन्या संगीत नाटकांत मोठ्या देखाव्यांच्या मध्ये एक हलका प्रवेश असतो. तो पुढच्या रस्त्याच्या पडद्यावर चालतो आणि त्या वेळात मागे महाल उतरून बाग लागते. म्हणजे ‘संशयकल्लोळ’मधला भादव्या किंवा ‘सौभद्र’मधला वक्रतुंड हसवता हसवता मागच्या माणसांना वेळ मिळवून देत असतो. मागे तयारी झाली नाही तर त्यालाच चार वाक्ये वाढवावी लागतात, झाली तर तोडावी लागतात, आणि मागून इशारा येईपर्यंत तोंडावर काही दिसू द्यायचे नसते. होते काय, की नायकाच्या पदांना वन्स मोअर मिळतात, घड्याळ दीडवर जाते, आणि दिग्दर्शक विंगेतून सांगतो, ‘तो प्रवेश काढा.’ प्रवेश निघतो. मग पाच मिनिटे काळोखात कोच ओढल्याचा आवाज ऐकत प्रेक्षक बसतात आणि मागच्या रांगा उठून चणे घ्यायला जातात. दोष पडतो नेपथ्यावर. प्रवेश काढायचाच असेल तर कोणता काढला की देखावा अडत नाही, हे तालमीतच ठरवून पुस्तकात खूण करून ठेवावे. पदांच्या आलापांचीही मर्यादा तेव्हाच ठरवावी, पण ते नायकाला सांगणार कोण?

दुसरी अडचण माईकची. मंडपात बहुधा तीन माईक टांगलेले असतात आणि मधल्याखाली नायक उभा राहतो. निरोप्या येतो मागच्या दारातून. अंतर दुप्पट झाले की माईकवर पोचणारा आवाज साधारण निम्मा होतो. तो भरून काढायला ध्वनीवाल्याने कळ वर केली की शिट्टी वाजते, म्हणून तो करत नाही. ‘महाराज, शत्रू वेशीवर आला’ हे वाक्य मग पहिल्या तीन रांगांपुढे जात नाही, आणि महाराज एकाएकी तलवार का उपसतात ते मागच्यांना कळत नाही. उपाय साधा आहे. निरोप्याने आत आल्यावर बाजूच्या माईकखाली ठरलेल्या जागी येऊन थांबावे. जागेवर खडूची फुली असावी. फळ्यांचा रंगमंच असेल तर पावलांचा आवाज विरल्यावरच तोंड उघडावे, आणि वाक्याचा शेवट खाली पाडू नये. मराठीत क्रियापद शेवटी येते. शेवट पडला की वाक्याचा अर्थच जातो. छोट्या भूमिकेची तालीम म्हणजे एवढीच, पण ती प्रत्यक्ष रंगमंचावर घ्यावी लागते. शाळेच्या वर्गात बाके बाजूला सारून घेतलेल्या तालमीत ती होत नाही.

आणि बदली नट. आपल्याकडे एखाद्याला कारखान्यात अचानक रात्रपाळी लागते, कोणी बोटीवर रुजू होतो, कोणाला ताप येतो. मग प्रॉम्प्टरला पोशाख चढवून, हातात पुस्तक खोट्या खलित्यात लपवून उभे करतात. प्रॉम्प्टर आत गेला की विंगेत सांगायला कोणी उरत नाही, आणि एकाची अडचण सगळ्यांची होते. बारा पात्रांच्या नाटकाला दोन बदली पुरतात, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाने तीन-तीन छोट्या भूमिका घ्याव्यात. जुन्या नाटक मंडळ्यांत प्रत्येकाला त्याच्या भूमिकेची नक्कल उतरवून देत, म्हणजे आपले संवाद आणि प्रत्येकाच्या आधीचे दुसऱ्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. तशी नक्कल बदलीसाठी करावी आणि तिच्यात स्विंगच्या वहीसारखी विंग, वस्तू, जागा ही टिपणे घालावीत. झेरॉक्स काढलेले अख्खे पुस्तक हातात दिले तर माणूस आपला संवाद शोधण्यातच अडकतो. बदलीने निम्म्या तालमींना बसून पाहावे आणि किमान दोन तालमी उभे राहून कराव्यात. नुसत्या पाहिलेल्या माणसाला संवाद येतात, पाय येत नाहीत. ड्रेपरी (नाटकाचे भाड्याचे पोशाख) मागवताना सेवक-हुजऱ्यांचे अंगरखे एक माप मोठे आणि नाडीचे घ्यावेत, बटणाचे नकोत. मिशी चिकटवण्याचा गम दोघांनीही आधी मनगटावर लावून पाहावा. ऐनवेळी ओठ सुजला तर बदलीचा बदली कुठून आणणार?

नोंदीकडे वळतो. आज जे काही हाती लागते ते हँडबिल. ते पंधरा-वीस दिवस आधी छापून घेतात आणि शेवटच्या आठवड्यात दोन भूमिका बदलतात. म्हणजे उरतो तो कागद चुकीचा. अलीकडे हँडबिलही जाऊन मोबाइलवर फिरणारे चित्र आले आहे आणि रस्त्यावर फ्लेक्स. फ्लेक्सवर आमदार, सरपंच, पंच यांचे फोटो इतके असतात की नटांची नावे तळाच्या पट्टीत ‘आणि इतर’ होऊन बसतात.

नावांचा घोळ वेगळाच. गावात बाबू, बाबलो, भाई यांना तोटा नाही आणि हँडबिलावर तेच छापले जाते. एका वाड्यावर एकाच नावा-आडनावाची तीन माणसे असतात. जुन्या पोर्तुगीज कागदावर आडनाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, नाटकात तिसरे. स्त्री-कलाकारांचे तर लग्नाआधीचे नाव आणि नंतरचे नाव अशा दोन कारकिर्दी होतात, आणि पुढे शोधणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. म्हणून नाव लिहिताना स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आडनाव, गाव आणि वाडा, आणि आधी दुसऱ्या नावाने काम केले असेल तर ‘पूर्वीचे’ म्हणून तेही. कारकिर्दभर एकच रूप ठरवून घ्यावे आणि हँडबिलवाल्याला तेच द्यावे.

मोठ्या संस्थांची स्थितीही फार निराळी नाही. ‘नटसम्राट’ 1970 मध्ये गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणले. आप्पासाहेब बेलवलकर म्हटले की डॉ. श्रीराम लागू हे उत्तर कुठलाही वाचक झोपेतून उठून देईल. त्याच प्रयोगातल्या बूट पॉलिशवाल्या राजाची भूमिका कोणी केली, असे आपल्याच कचेरीत विचारून पाहावे.

पद्धत सुचवतो. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही. एका प्रयोगाला समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर तारीख, गाव, देवस्थान किंवा नाट्यगृह, निमित्त, नाटक, नाटककार, दिग्दर्शक, पडदा कधी गेला, प्रत्येक अंक कधी संपला. उजव्या पानावर भूमिका आणि नट, मग ऑर्गन आणि तबला, प्रॉम्प्टर, पडदे ओढणारे, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा, ड्रेपरी. भूमिकेचा क्रम प्रवेशाचा ठेवावा, मानाचा नको. मानाच्या क्रमावरून भांडण होते आणि वहीच बंद पडते. सही पहिल्या घंटेला सुरू करावी आणि दुसऱ्या घंटेला पुरी. तिसऱ्या घंटेला वही बंद. प्रयोग संपल्यावर सही घ्यायची ठरवली तर ती कधीच होत नाही. रंग उतरवून अर्धे लोक पहाटेच्या चहाला गेलेले असतात. प्रयोगात काय चुकले ते खाली चार ओळींत, नाव न घेता पण जागा सांगून: ‘दुसऱ्या अंकात उजव्या विंगेचा दिवा लागला नाही.’ लिहायला बॉलपेन घ्यावे. आपल्या पावसाळ्यात फाउंटन पेनची शाई दमट कपाटात पसरते. हँडबिल वहीला गोंदाने चिकटवू नये, गोंदाला कसर लागते. पाकिटात घालून ठेवावे. त्याच रात्री पानाचा मोबाइलवर फोटो काढून दोघांकडे ठेवावा. वही संस्थेच्या सचिवाच्या घरी ठेवू नये, समिती बदलली की ती परत मिळत नाही. गावच्या वाचनालयात ठेवावी, आणि भरलेल्या वहीची एक झेरॉक्स पणजीत पाटो येथील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊ करावी.

वही कोणी लिहायची? दिग्दर्शकाने नको, त्याला त्या रात्री वेळ नसतो. प्रॉम्प्टरने तर नकोच. पडदा ओढणाऱ्यांपैकी एकाने लिहावी. तिन्ही घंटांना जागेवर असतो तो तोच.

आता मागणी. परीक्षण जसे आहे तसे छापा, त्यात आमची ढवळाढवळ नाही. त्याखाली एक छोटी चौकट द्या, ‘भूमिका आणि कलाकार’. बारा पात्रे धरली तर भूमिकेसह नावे साधारण पन्नास शब्दांत बसतात, बारीक टाइपात एका स्तंभाच्या बारा-पंधरा ओळी. ‘इतर कलाकारांनी योग्य साथ दिली’ हे वाक्य काढले की त्यातली एक ओळ तशीही मोकळी होते. परीक्षकांना विनंती एवढीच, की या बारांपैकी निदान एका छोट्या भूमिकेविषयी नावानिशी एक वाक्य लिहावे, मग ते टीकेचे असले तरी चालेल. ‘पोस्टमनचे काम करणाऱ्या अमुकांनी पत्र देताना प्रेक्षकांकडे पाठ केली’ असे छापून आले तर वाईट वाटेल, पण पुढच्या नाटकात तो पाठ करणार नाही.

यादी मिळवायचे काम आपल्या प्रतिनिधीवर टाकू नये. ते संस्थेचे. वहीच्या उजव्या पानाचा फोटो दुसऱ्या घंटेनंतर कार्यालयाच्या मोबाइलवर पाठवावा, म्हणजे ऐनवेळचे बदलही त्यात येतात. ज्या संस्थेने पाठवला नाही तिची चौकट छापू नये. दोन नाटकांत सगळे पाठवू लागतील. आणि यादीत द्वारपालाचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापावी. नायकाचे चुकले असते तर छापलीच असती.

आपले,
पडद्यामागे काम करणारे काहीजण,
फोंडा, गोवा